गाठीतला बर्फ

१

तोमाश वाव्रा सापडला तो बसलेला. गोठ्यापासून बराच आग्नेयेला, बर्फाच्या ढिगाखाली, गुडघे पोटाशी घेऊन. डाव्या हातात लोकरीचा हातमोजा होता, उजवा हात उघडा होता. हिमवादळ शमल्यावर शोधायला निघालेली माणसं लांब काठ्या बर्फात खुपसत चालली होती, त्यातली एक काठी त्याच्या खांद्याला लागली.

नेब्रास्काच्या त्या माळावर हिवाळ्यात माणूस मरणं ही काही अपूर्वाई नव्हती. दोब्रा वोदा या स्थलांतरितांच्या वस्तीत अशी दोनचार थडगी होतीच. सगळ्यांना कोड्यात टाकलं होतं ते दोरानं. पहिला बर्फ पडला की माळावरचा प्रत्येक घरमालक घराच्या दारापासून गोठ्याच्या खांबापर्यंत एक दोर ताणून बांधतो, आणि वसंत येईपर्यंत तो सोडत नाही. वादळात स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. दोर धरायचा, गुरांना चारा घालायचा, दोर धरून परत यायचं. मधून एखादी गाडी न्यायची झाली तर दाराकडची गाठ सोडायची, गाडी पुढे काढायची, आणि बैल थांबवून आधी गाठ मारायची. पोरं चालायला लागली की हे शिकतात.

आणि वाव्राच्या अंगणातला दोर दोन्ही टोकांना पक्का बांधलेला होता. शोधायला आलेल्या प्रत्येकानं तो पाहिला.

"दोर धरून तो दारापर्यंत आला," शेजारचा फ्रांतिशेक झेलेंका म्हणाला, "आणि दार उघडलं नाही. उजव्या हातातला मोजा काढून त्यानं दार ठोकलं असणार, तो वाऱ्यानं नेला. मग बिचारा भरकटला. याच्यापलीकडे काही असेल तर सांगा, जजसाहेब."

"मला अजून काही माहीतच नाही, तर सांगू काय?" लुद्विक होरेश म्हणाला.

होरेश हा वस्तीचा न्यायाधीश. एरवी त्याचं दुकान होतं. पीठ, खिळे, रॉकेल आणि टपाल. मायदेशी त्यानं दोन वर्षं कायदा शिकून सोडला होता, आणि वस्तीत तेवढा तरी शिकलेला दुसरा कुणी नव्हता, म्हणून लोकांनी त्याला निवडून दिलं होतं. आजवर त्यानं निकाल दिले ते डुकरांचे आणि कुंपणांचे. अशा मृत्यूची चौकशी खरं तर जिल्ह्याच्या गावाहून माणूस येऊन करतो, पण रस्ता बर्फानं बुजला होता. रस्ता मोकळा झाला की शेरीफ येईल, आणि ज्याचं नाव पुढे येईल त्याला घेऊन जाईल.

नाव तर पुढे आलंच होतं. दारात रोझाली वाव्रा उभी होती, तोमाशची बायको, कडेवर तीन वर्षांची अनेश्का. प्रेत तिच्यासमोरून नेताना एकानेही तिच्याकडे पाहून टोपी काढली नाही. प्रेतामागून तोमाशची म्हातारी आई बार्बोरा धाकट्या मुलाच्या, प्रोकोपच्या, आधारानं चालली होती. ती सुनेपाशी थांबली.

"हिनं दार लावून घेतलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझं पोर बाहेर मेलं, आणि ही आत शेगडीपाशी बसली होती."

रोझाली पाठ फिरवून आत गेली. होरेशला ते फारसं बरं लक्षण वाटलं नाही.

२

"भांडण झालं होतं का?" होरेशनं रोझालीला विचारलं.

"झालं होतं. झेलेंकानं सांगितलंच असेल. त्याचे कान ओमाहापर्यंत पोचतात."

घर माळावरच्या इतर घरांसारखंच होतं. मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांच्या भिंती, वर लाद्यांचंच छप्पर, खाली चोपलेली जमीन. रोझालीनं भाजलेल्या राय धान्याची कॉफी पुढे ठेवली. तिचे हात स्थिर होते, डोळे मात्र रडून रडून सुजले होते.

"कशावरून भांडलात, पोरी?"

"नेहमीचंच. मी म्हणत होते, विकून टाकू आणि ओमाहाला जाऊ. तो म्हणायचा, एप्रिलमध्ये इथे राहून पाच वर्षं पुरी होतात, सरकारी जमीन नावावर होते, तेवढं थांब. मी म्हटलं, जमीन नावावर होईपर्यंत आपण जमिनीखाली असू." ती थांबली. "असं म्हटलं मी, होरेशकाका. आणि तो रागावून गोठ्यात जाऊन बसला. खोगीर शिवत. त्या दिवशी ऊन पडलं होतं, आठवतं ना? सगळे कोट काढून फिरत होते. वादळ आलं तेव्हा तो गोठ्यातच होता."

"त्या दिवशी आणखी कोण आलं होतं?"

"सकाळी झेलेंका आला, खसखस मागायला. मग तो प्रेवीट घोड्यावरून आला, गुरांवाला. त्याचं आणि तोमाशचं अंगणातच वाजलं. एप्रिलपर्यंत तू इथे नसशील, असं म्हणून गेला. दुपारी प्रोकोप भाऊजी ओढ्याकडून गवत भरून घराकडे गेले. थांबले नाहीत, आभाळ बघून घाईत होते. आणि मग ते आलंच. आधी भुरभुर पाऊस, पडेल तिथे गोठत होता. मग बर्फ."

"तू दार लावलं होतंस?"

"अडसर घातला नाही तर दार वाऱ्यानं उखडून जाईल, काका. पण मी त्याच्या मागेच बसले होते. वादळ होतं तोवर पातेलं बडवत होते, त्याला ऐकू यावं म्हणून." तिनं खुंटीकडे बोट केलं. तिथल्या पातेल्याचा पार चेंदामेंदा झाला होता. "दारावर एक थाप पडली नाही."

होरेशनं ते पातेलं हातात घेऊन पाहिलं. पण झेलेंका म्हणेल, ते नंतरही बडवता येतं.

"वादळ थांबल्यावर?"

"पहाट होत होती. बाहेर फावड्याचा आवाज आला. कुणीतरी दारावरचा बर्फ काढत होतं. मला वाटलं, आला. विझलेली शेगडी पेटवली, पाणी तापवलं, मग अनेश्काला जागं केलं, बाबा आले म्हणून सांगितलं. तिला कपडे घालून दार उघडलं, तर बर्फ काढलेला, फावडं भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि बाहेर कुणीच नाही. हाका मारल्या. मग बऱ्याच वेळानं सगळे आले. झेलेंकाला हे सांगितलं तर म्हणाला, भूत आलं होतं का? म्हणाला, दार मोकळं होतं म्हणजे तूच कधीतरी उघडलं असशील."

होरेशनं खाली पाहिलं. दारावर पुरुषभर बर्फ साचलेला असताना आतून दार उघडलं असतं तर तो घरात कोसळला असता, वितळून चिखल झाला असता. उंबऱ्याच्या आतली जमीन कोरडी ठणठणीत होती. बर्फ सगळा बाहेर फेकलेला होता.

"फावडं कुठे असतं तुमचं?"

"गोठ्यात. एकच आहे."

म्हणजे कुणीतरी लोक यायच्या आधी आलं होतं. त्याला फावड्याची जागा ठाऊक होती. त्यानं आधी गोठ्यात जाऊन ते आणलं, तिचं दार मोकळं केलं, आणि तिला एक हाकही न मारता निघून गेलं.

३

होरेश बाहेर आला. थंडी तशीच होती, वादळानंतर काहीच वितळलं नव्हतं. याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

तो आधी गोठ्याकडे गेला. खांबावरची गाठ काचेत ठेवल्यासारखी दिसत होती. आधीच्या पावसानं तिच्यावर बर्फाचा जाड लेप चढवला होता. नखानं तो थोडा फोडून त्यानं गाठ वाकवून पाहिली. आतल्या वेढ्यांत दोर कोरडा होता. ही गाठ वादळाच्या आधीची.

मग तो घराच्या दारापाशी आला. दाराशेजारी लोखंडी कडी होती, दोराचं दुसरं टोक तिच्यात होतं. इथली गाठ बाहेरून स्वच्छ होती. लेप नव्हता. कडीवर होता, दोरावर होता, पण गाठीपाशी आल्यावर तो तडकून गेला होता. होरेशनं हातमोजे काढले आणि बोटं बधिर होईपर्यंत गाठ सोडवत बसला. गाठ सैल झाली तशा आतून बर्फाच्या चुरगळलेल्या खपल्या पडल्या. आणि त्या खपल्यांत, अगदी आतल्या वेढ्यात, तांबड्या-करड्या लोकरीचे धागे चिकटलेले होते.

बार्बोराच्या हातची लोकर वस्तीत कुणीही ओळखली असती. ती दोन्ही मुलांना तांबड्या-करड्या पट्ट्यांचेच मोजे विणायची. तोमाशच्या डाव्या हातात तसलाच मोजा होता.

"काय सापडलं?" रोझालीनं दारातून विचारलं.

"थांब जरा."

त्यानं मोकळं झालेलं टोक हातात धरलं आणि गोठ्याच्या खांबापासून निघाला. वादळ वायव्येकडून आलं होतं, तेव्हा सुटलेला दोर वारा जिकडे नेईल तिकडेच गेला असणार. होरेश वाऱ्याकडे पाठ केल्यासारखा आग्नेयेला चालत राहिला. दोर ताठ झाला आणि त्याला थांबावं लागलं. पायांपुढे बर्फात एक खड्डा होता. तोमाशला तिथूनच काढलं होतं.

होरेश खड्ड्यापाशी वाकला. त्याला आता सगळं दिसत होतं, आणि न दिसतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं. तोमाश गोठ्यातून निघाला. दोर खांबाला होता, म्हणून तो निश्चिंत धरून चालू लागला. दोर संपला तिथे दार असायचं. दार नव्हतं. हात लांब करून त्यानं चाचपलं असेल, टोक धरून गोल फिरला असेल. मागे फिरायचं तर तोंडावर असला वारा की श्वास घेता येत नाही, पापण्या गोठून चिकटतात. शेवटी तो खाली बसला. दोर मात्र त्यानं सोडला नाही. मोजा दोराला गोठून चिकटला होता.

तो परत आला तेव्हा रोझाली तिथेच उभी होती.

"तोमाश तुझ्या दारापर्यंत आलाच नव्हता," होरेश म्हणाला. "वादळात हे टोक सुटलेलं होतं. कुणीतरी ते नंतर बांधलं."

४

सोडलं कुणी आणि बांधलं कुणी?

होरेशला पहिल्यांदा आठवला तो प्रेवीट. या ओढ्याचं पाणी त्याला गुरांसाठी हवं होतं, आणि वाव्राची जमीन नेमकी ओढ्यावर होती. खेचर घेऊन तो दुसऱ्या दिवशी प्रेवीटच्या वाड्यावर गेला. प्रेवीट आणि त्याची माणसं मेलेल्या गुरांची कातडी सोलत होती. जिकडे बघावं तिकडे गुरं पडलेली होती.

"आलात का मला फाशी द्यायला?" प्रेवीट सुरी न थांबवता म्हणाला. "रांगेत उभे राहा. बँकवाले तुमच्या आधी येणार आहेत."

"तोमाशला धमकी दिली होतीस."

"धमकी कसली? जमीन विकत मागितली. त्यानं मला गवत उचलायचा काटा उगारून दाखवला. मीही तोंड आवरलं नाही. पुढे?"

"अंगणातला दोर सोडलास का?"

"मी घोड्यावर होतो, जज. मान अडकवून घ्यायला मला वेड लागलंय का? घराच्या मागून आलो, मागूनच गेलो." त्यानं सुरी बर्फात पुसली. "तुमच्या लोकांचे ते दोर मला आवडत नाहीत. पण सोडणार नाही कधी. एकदा असल्याच एका दोरानं माझा माणूस वाचवला होता. आणि वादळ संपल्यापासून मी इथेच आहे, हे बघताय ना सगळं?"

होरेश बघत होता. एवढी कातडी सोलणारा माणूस पहाटे दुसऱ्याच्या दारातला बर्फ उपसायला गेला असेल, हे त्याला पटेना.

झेलेंकाचा हिशेब तर त्याहून सोपा होता. शोधायला निघालेल्या लोकांनीच त्याला त्याच्या घरातून उपटून काढलं होतं, मुळा उपटावा तसा, तोही धुराड्याच्या बाजूनं. तोवर तो आत अडकून बायकोच्या शिव्या खात होता.

रोझाली उरली. तिला मारायचं असतं तर? होरेश खेचरावर हेलकावे खात विचार करत राहिला. ज्याला तोमाशचा जीव घ्यायचा होता त्यानं दोर सुटलेलाच ठेवला असता. लोक म्हणाले असते, वाऱ्यानं गाठ सुटली, बिचारा गेला, आणि सगळे घरी जाऊन जेवले असते. दोर बांधून ठेवला म्हणून तर संशय आला. तो बांधलेला पाहून रोझालीच्या गळ्याभोवती फास आला. म्हणजे तो तिनं बांधला नाही, आणि कुठल्याही खुन्यानं बांधला नाही. सुटलेला दोर पाहून ज्याला भीती वाटली, त्यानंच तो बांधला. आणि सुटलेल्या दोराची भीती कुणाला वाटेल? ज्यानं तो सोडला आणि बांधायचा विसरला, त्याला.

खून झालाच नव्हता. विसर पडला होता.

तो वाटेत पुन्हा वाव्राच्या अंगणात थांबला. उन्हाच्या दिवशी दोर सोडायचं एकच कारण असतं, आणि त्याची खूण शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. दाराच्या वर, छपराच्या कडेपाशी, मातीच्या भिंतीत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. चांगल्या डोक्याच्या वर. आणि त्यांच्यावर बर्फाचा लेप होता, म्हणजे पावसाच्या आधी अडकलेल्या. घर आणि गोठ्याच्या मधून एक उंच भरलेली गाडी भिंत घासत गेली होती.

दोब्रा वोदात एवढी उंच गवताची गाडी एकाचकडे होती.

५

प्रोकोपच्या घरी बार्बोरा खिडकीपाशी बसून हंसाची पिसं सोलत होती. देठ एका टोपलीत, मऊ भाग दुसऱ्या टोपलीत. हिवाळ्यात बायका करतात ते काम, पण एरवी चार बायका मिळून गप्पा मारत करतात. प्रोकोप शेगडीपुढे बसून जळणासाठी गवताचे पीळ करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"शेरीफ आला का?" बार्बोरानं विचारलं.

"उद्या येईल. रस्ता मोकळा झालाय."

"मग उद्या घेऊन जाईल तिला. पोर मी सांभाळीन. माझंच रक्त आहे ते."

होरेशनं स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. गोठ्याकडची गाठ, दाराकडची गाठ. गाठीतला बर्फ, त्यातली लोकर. दोर कुठे संपतो ते. फावडं. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. भिंतीतल्या गवतापर्यंत तो आला तेव्हा बार्बोराचे हात थांबले. ती प्रोकोपकडे बघायला लागली. प्रोकोपचे हात पीळ घालतच होते, पण हातात गवत नव्हतं.

"बाहेर जा, प्रोकोप," ती म्हणाली.

"आई..."

"जा म्हणते ना. गुरांना बघ."

तो उठला, पण दारापाशीच उभा राहिला. बार्बोरानं टोपली बाजूला ठेवली आणि होरेशचा हात धरला. इतकी वर्षं ओळख असून तिनं असं कधी केलं नव्हतं.

"जजसाहेब, माझा एक गेला. दुसरा नेऊ नका."

"त्याला कुणी नेणार नाही, बार्बोराबाई. गाठ विसरला म्हणून कायदा शिक्षा देत नाही."

"कायदा नाही हो, माणसं! भावाला मारला म्हणतील. चर्चमध्ये कोण उभं करेल त्याला? मुलगी कोण देईल?" तिनं आवाज खाली आणला. "तिच्यावरच राहू दे. आता आहे तसंच. बाईमाणसाला कोण फाशी देतंय? चार वर्षं ठेवतील आणि सोडतील. तिला जायचंच होतं ना इथून? जाऊ दे की."

होरेशला तिचा राग आला, आणि कीवही आली. त्यानं हात काढून घेतला नाही.

"तिला तीन वर्षांची पोर आहे," तो म्हणाला.

"मलाही पोरंच होती!"

"पुरे, आई," प्रोकोप म्हणाला.

त्यानं सदऱ्याच्या आतून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. तांबड्या-करड्या पट्ट्यांचा मोजा. तळव्याकडून लोकर उसवली होती.

"आभाळ काळं झालं होतं," तो म्हणाला. "गाठ सोडली, गाडी काढली. म्हटलं, आता थांबून बांधतो. पण बैल बुजले आणि पळायलाच लागले. ते घरी येऊनच थांबले. मग वादळ आलं आणि मला आठवलं. आठवलं, होरेशकाका! आणि बाहेर पाऊल टाकता येईना." त्यानं मोजा टेबलावर सरळ केला. "पहाटे गेलो. आधी वहिनीचं दार मोकळं केलं. तोमाश आत असेल, मला शिव्या घालेल, असं मनाशी म्हणत होतो. मग कडी बघितली. रिकामी. दोर बर्फातून ओढला, तो शेवटी अडकला. जोरानं ओढला तर हा वर आला."

बार्बोरानं शालीचं टोक तोंडावर धरलं.

"बर्फ उकरला?" होरेशनं विचारलं.

"उकरला. चेहरा पाहिला आणि परत झाकला. आत वहिनी अनेश्काला उठवत होती. म्हणत होती, बाबा आले. मला आत जाता येईना. दोर बांधला. का बांधला ते मला माहीत नाही. हिवाळ्यात दोर सुटलेला कोण ठेवतं?" तो भिंतीला टेकला. "वाटलं, बांधून ठेवला की झालंच नाही असं होईल. ते वहिनीच्या गळ्याशी येईल असं डोक्यातही नव्हतं. आलं तेव्हा मात्र तोंड उघडेना."

"आता उघडलं आहेस," होरेश म्हणाला. "मला सांगून भागणार नाही. कुणाला सांगायचं ते तुला माहीत आहे."

प्रोकोपनं टोपी घेतली. आई उठून त्याच्या बाहीला धरत होती. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मोजा उचलून बाहेर पडला.

६

रोझालीनं उंबऱ्यात उभं राहूनच ऐकून घेतलं. होरेश अंगणात खेचरापाशी थांबला होता, जवळ जायचं त्याला धैर्य झालं नाही. प्रोकोपचं बोलणं संपलं तेव्हा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"विसरलात ते समजेन मी कधीतरी," ती म्हणाली. "मीही त्या दिवशी नको ते बोलले. पण दारात उभे होतात तुम्ही, भाऊजी. माझा आवाज ऐकलात. आणि नंतर हे सगळे मला खुनी म्हणत होते, तेव्हाही तिथेच उभे होतात."

"हो."

"मग आता जा. माझ्यापुढे रडू नका. मला सोसणार नाही."

वस्तीतल्या पंचांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला, मृत्यू हिमवादळानं. शेरीफ रिकामी घसरगाडी घेऊन परत गेला. पुढच्या रविवारी झेलेंकानं चर्चच्या दारात रोझालीला पाहून टोपी काढली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण थांबली नाही.

ती ओमाहाला जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. एप्रिलमध्ये पाच वर्षं पुरी झाली, तेव्हा तिनं होरेशच्या दुकानात येऊन सांगितलं की जमिनीच्या कचेरीत दोन साक्षीदार लागतात. एक तुम्ही. दुसरा प्रोकोप.

"प्रोकोप?" होरेशनं पुन्हा विचारलं.

"तो आमचा शेजारी आहे. पाच वर्षं सगळं पाहिलंय त्यानं."

चिखलाच्या रस्त्यानं तिघं एका गाडीत बसून गेले. प्रोकोप एकटा पुढच्या बाकावर होता, आणि हिवाळ्यात तो निम्मा झाला होता. कचेरीतला कारकून तरुण होता, पूर्वेकडून नवा आलेला, नाकावर चष्मा. घर आहे का, विहीर आहे का, किती जमीन नांगरली, हे सगळं त्यानं भराभर विचारून घेतलं. प्रोकोपनं हात वर करून शपथ घेतली आणि एका शब्दात एकेक उत्तर दिलं.

"मूळ दावेदार मयत," कारकून वाचत म्हणाला. "कशानं?"

होरेश उत्तर द्यायला पुढे झाला. रोझालीनं त्याच्या कोपराला हात लावून त्याला थांबवलं आणि प्रोकोपकडे पाहिलं. कचेरीत आणखी दहाबारा माणसं आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. सगळ्यांच्या माना इकडे वळल्या होत्या.

प्रोकोपनं टोपी दोन्ही हातांत धरली.

"वादळात गेला," तो म्हणाला. "दोर मी सोडला होता. बांधायचा विसरलो. आणि नंतर मला माहीत असून यांच्यावर आळ येऊ दिला. मी त्याचा भाऊ."

कारकुनानं टाक थांबवला. तो एकदा प्रोकोपकडे आणि एकदा रोझालीकडे बघू लागला.

"बाई, हे एवढं या कागदावर विचारलेलं नाही."

"असू दे," रोझाली म्हणाली. "लिहा."